शाईबुवांची बारा पत्रं

मेलेल्या माणसाच्या डोक्यावर खापर फोडणं फार सोपं असतं. तो काही उठून भांडायला येत नाही. आणि ताईचा धाकटा भाऊ तर असला भांडखोर, की जिवंत असता तर त्या चौकशीवाल्यांना त्याने सळो की पळो करून सोडलं असतं. घरात त्याला लहानपणापासून बॅरिस्टर म्हणायचे ते काय उगाच? दूध का प्यायचं यावरसुद्धा तो चार मुद्दे मांडायचा, आणि चारही बरोबर असायचे, हे त्याहून वाईट.

सैन्याचं पत्र आलं ते पाच ओळींचं. तुकडी नदी ओलांडताना दलदलीत फसली, त्याच वेळी शत्रूचा मारा सुरू झाला, बारा माणसं गेली. शेवटची ओळ अशी, की तुकडीसोबतच्या सर्वेक्षकाने दाखवलेली जागा चुकीची होती, असं चौकशीत दिसून आलं आहे. सर्वेक्षक म्हणजे बॅरिस्टर. वय तेवीस. कॉलेज संपून दीड वर्षही झालं नव्हतं. म्हणजे पोरगं गेलं ते गेलंच, वर अकरा जणांना बुडवल्याचा ठपका घेऊन गेलं.

आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे पत्र ताईनेच वाचून दाखवलं. शेवटची ओळ गाळावी असं तिच्या मनात आलं होतं, पण आईला वाचणाऱ्याचा आवाज कळतो. तिने ऐकलं, हात पदराला पुसले आणि म्हणाली, "अकरा घरांत अंधार करून गेला. आता मी कुठल्या तोंडाने रडू?" आणि खरंच रडली नाही. त्या दिवसापासून तिने त्याचा विषयच टाकला. घरात दोन बायका, आणि मधे तो विषय.

ताईला ते जास्त लागलं. कारण बॅरिस्टरला तिने वाढवला होता. वडील गेले तेव्हा तो सात वर्षांचा आणि ती एकोणीसची. ती नकाशा कार्यालयात ट्रेसिंगला लागली, तिरप्या टेबलावर मान मोडेपर्यंत रेघा ओढल्या आणि त्याला शिकवला. आमच्या घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट, असं ती ओळख नसलेल्यांनाही सांगायची. तो कार्टा रस्त्यावरचे दगड खिशात भरून आणायचा, खिसे फाडायचा, आई शिवून शिवून कंटाळायची. कॉलेजात गेल्यावर त्याच दगडांना मोठमोठी नावं आली आणि विषयाला भूगर्भशास्त्र म्हणू लागले. खिसे फाटायचे ते फाटतच राहिले. तोंडी परीक्षेला परीक्षकाने एक दगड पुढे ठेवून चुकीचं नाव सांगितलं, तर ह्याने अर्धा तास वाद घालून त्याला कबूल करायला लावलं. बाहेर येऊन म्हणाला, "ताई, बहुतेक नापास. पण दगड माझ्या बाजूने होता." पहिला आला.

युद्ध सुरू झालं तेव्हा त्याला एका शाळेत मास्तरकी मिळत होती. सर्वेक्षकाच्या भरतीचा फॉर्म ताईनेच कार्यालयातून आणला. आज ना उद्या भरती होणारच, तर बंदूक धरण्यापेक्षा जमिनीच्या नोंदी करणं बरं, असा तिचा हिशेब. तो फॉर्म आणला नसता तर, हा विचार रोज सकाळी तिच्या आधी जागा व्हायचा.

बरं, बाहेर तरी सुख असावं? तेही नाही. एके दिवशी पावाच्या रांगेत आई उभी होती. पुढच्या बाईने वळून पाहिलं, ओळखलं, आणि भर रांगेत म्हणाली, "ह्यांच्या पोराने माझा नेला. आणि ह्या पाव न्यायला येतात." आई पिशवी घेऊन तशीच परत आली. पुन्हा रांगेत गेली नाही. त्या दिवशी ताईने ठरवलं, की यात कुणाचा तरी दोष आहे आणि तो माझ्या भावाचा नाही. ज्याचा असेल त्याला मी सोडणार नाही. कोण ते तिला अजून माहीत नव्हतं, पण दात मात्र आधीच आवळलेले होते.

माहिती घेऊन आला तो तुकडीचा आचारी. त्या नदीवरून परत आलेला तो एकटाच, आणि तोही थंडीने पायाची तीन बोटं गमावून. खुर्चीच्या कडेवर बसला, टोपी गुडघ्यावर ठेवली.

"बॅरिस्टर म्हणायचो आम्ही पण त्याला," तो म्हणाला. "स्वतःच सांगितलं होतं त्याने. ताई, त्याने जागा दाखवली नाही हो. तो तर नको नको म्हणून ओरडत होता."

झालं होतं असं. नकाशात त्या जागी उतार दाखवला होता, म्हणजे नदी पायी ओलांडता येते अशी जागा. नदीने पात्र बदललं होतं आणि उताराची दलदल झाली होती. बॅरिस्टरने हे महिनाभर आधीच काठी टोचून पाहिलं होतं, दुरुस्ती लिहून पाठवली होती. मग नवा छापील नकाशा आला. त्यात उतार जसाच्या तसा.

"अधिकारी म्हणाला, छापील खोटं आणि तू एकटा खरा? बॅरिस्टर म्हणाला, हो. खूप वाद झाला. शेवटी हुकूम तो हुकूम. मग ह्याने काठी घेतली नि म्हणाला, मी पुढे होतो, माझ्या पावलावर पाऊल टाका. अर्ध्यापर्यंत नेलंसुद्धा त्याने. तेवढ्यात गोळ्या सुरू झाल्या आणि माणसं रांग सोडून पळाली. जो पाय बाजूला पडला तो खाली. हा परत फिरला, दोघांना ओढायला. तिथेच गेला."

"हे तुम्ही चौकशीत नाही सांगितलं?"

"तीनदा सांगितलं. ते म्हणाले, कागद आहे का? मी म्हटलं, साहेब, मी आचारी. माझ्याकडे कढई आहे." त्याने टोपी उलटी केली, सुलटी केली. "तो सारखा म्हणायचा, ताईच्याच ऑफिसात पाठवलंय, दुरुस्ती येईलच."

आतल्या खोलीच्या दारात आई उभी होती. तिने सगळं ऐकलं आणि एवढंच म्हणाली, "कागद नाही ना? मग लोक कशाला मानतील." आणि आत गेली.

ताईच्याच ऑफिसात! ताई रात्रभर, नव्हे आठवडाभर, ते दोन शब्द चावत राहिली. कारण त्या ऑफिसात दुरुस्त्या जिथे येतात ते टेबल तिच्या टेबलापासून चार पावलांवर होतं. आणि त्या टेबलाच्या मागे बसायचे शाईबुवा.

शाईबुवा म्हणजे हेड ड्राफ्ट्समन. एकतीस वर्षं नोकरी, पांढऱ्याशुभ्र बाह्या, आणि त्यांवर शाईचा ठिपका कुणी पाहिला असेल तर शपथ. अक्षर असं, की छापखान्याने लाजावं. माणूस वाईट म्हणवत नाही. कुणाचं कधी काही खाल्लं नाही, कुणावर ओरडले नाहीत. पण नियमापुढे त्यांना आई-बाप दिसत नसत. फार वर्षांपूर्वी कुणाची तरी पेन्सिलीची नोंद पुसली गेली आणि नकाशात नसलेला रस्ता छापला गेला होता. तेव्हापासून त्यांचा पहिला नियम, की नोंद शाईतच हवी, पेन्सिलीची नोंद म्हणजे नोंदच नाही. दुसरा नियम त्याहून कडक. चुकीचा नकाशा बाहेर गेला, तर ज्याची चूक त्याने ज्या ज्या माणसाकडे तो नकाशा पोचला त्या प्रत्येकाला स्वतःच्या हाताने पत्र लिहायचं, चूक कबूल करायची आणि खाली सही. टाइप केलेलं चालणार नाही, एक पत्र लिहून नकला काढलेल्या चालणार नाहीत. ताईने स्वतः एकदा एका पुलापायी चाळीस पत्रं लिहिली होती. तेव्हा शाईबुवा शेजारी उभे राहून म्हणाले होते, "हात दुखला की चूक लक्षात राहते."

परत पाठवलेल्या नोंदींचं एक कपाट होतं. नोंद नियमात बसली नाही की शाईबुवा त्यावर शेरा मारून ती लिहिणाऱ्याकडे परत धाडत. युद्धात तुकड्या जागा बदलत, टपाल पोचत नसे, मग त्या चिठ्ठ्या फिरून कार्यालयातच येत आणि त्या कपाटात पडत. जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली गेले की ताई तिथे बसू लागली. पहिल्या दिवशी वरचा खण. दुसऱ्या दिवशी मधला. शिपायाने विचारलं, "ताई, जेवण?" ती म्हणाली, "उपास." शिपाई म्हणाला, "कुणावर?" आणि तिचा चेहरा पाहून निघून गेला.

पाचव्या दिवशी सापडली. कागद बघूनच तिने ओळखलं, अक्षर वाचायच्या आधी, कारण तो कॉलेजच्या वहीचं पान होता आणि मागे दगडांची चित्रं होती. पुढे पेन्सिलीने, पण ठळक, लिहिलेलं:

‘नकाशात दाखवलेला उतार आता नाही. तिथे दलदल आहे. मी सहा ठिकाणी काठी घालून पाहिली, कुठेही तळ लागला नाही. उतार ताबडतोब काढावा, नाहीतर माणसं जातील. इथे थंडीने शाई गोठते, म्हणून पेन्सिल. क्षमस्व.’

आणि त्याखाली ते छापखान्याला लाजवणारं अक्षर, काळ्याभोर शाईत: ‘शाईत नाही. विचार करता येत नाही. परत.’ सही. तारीख. ती तारीख आणि मरणाची तारीख यांत एकोणीस दिवसांचं अंतर होतं.

ताई रडली नाही. तिला फक्त राग आला, नुसता राग. तिने चिठ्ठी काचेच्या टेबलावर ठेवली, खालचा दिवा लावला, वर ट्रेसिंग कागद पसरला आणि अक्षरन् अक्षर उतरवून काढलं, सहीच्या शेपटासकट. त्या कार्यालयात तिच्यासारखं ट्रेसिंग कुणाचं नव्हतं. मग मूळ चिठ्ठी घेऊन ती त्याच दुपारी चौकशी अधिकाऱ्याकडे गेली आणि पोच घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शाईबुवांच्या टेबलासमोर उभी राहिली आणि नक्कल त्यांच्यापुढे ठेवली.

त्यांनी भिंग घेतलं. एकदा वाचलं, दोनदा वाचलं. भिंग खाली ठेवलं ते नेहमीच्या जागेवर नाही.

"हे... हे तुमच्या भावाचं?"

"हो."

"मला कल्पना नव्हती, ताई. नाव बघायची आपली पद्धत नाही. नाहीतर मी..."

"नाहीतर काय? दुसऱ्या कुणाचा भाऊ असता तर चाललं असतं?"

आजूबाजूचे टाक थांबले. शाईबुवा हळू आवाजात म्हणाले, "दिवसाला दोनशे नोंदी येतात. नियम नसेल तर प्रत्येक ऐऱ्यागैऱ्याचं..."

"तुम्ही ती वाचली होती का नव्हती? खरं सांगा."

शाईबुवा खोटं बोलणारा माणूस नव्हता, हे ताईला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच तिने विचारलं.

"वाचली होती," ते म्हणाले. "वाटलं, आठवड्याभरात शाईत येईल. मग घेऊ."

"मूळ कागद चौकशी अधिकाऱ्याकडे पोचलाय. त्यांचं ते बघतील. मी त्यासाठी आले नाही. चुकीचा नकाशा बाहेर गेलाय, साहेब. ज्याची चूक त्याने पत्रं लिहायची. अकरा घरं आहेत. अकराही घरांत माझ्या भावाच्या नावाने बोटं मोडतात. पत्ते मी आणलेत."

"ताई, हे नकाशाचं पत्र नाही."

"मग कशाचं आहे? लग्नाचं?"

मागे कुणीतरी हसू दाबलं. शाईबुवांनी कार्यालयाकडे पाहिलं. सगळे त्यांच्याकडेच बघत होते, आणि त्यांतल्या निम्म्यांनी तसली पत्रं त्यांच्या नजरेखाली लिहिलेली होती. कुणी मान खाली घातली नाही. त्यांनी कागद ओढला, टाक बुडवला.

पहिला मसुदा ताईने उभ्या उभ्या वाचला. "आमच्या कार्यालयाकडून चूक झाली, म्हणे. कार्यालयाला हात आहेत का? मी लिहा. आणि झाली कशाला? झाड पडतं तशी आपोआप झाली? मी केली, असं लिहा."

दुसऱ्यात त्यांनी नियमाचं कारण लिहिलं. तिने ते खोडायला लावलं. खोडलेलं पत्र कसं पाठवायचं, म्हणून पुन्हा लिहायला लावलं. तिसऱ्यात सगळं बरोबर होतं, पण अक्षर हललेलं. ताई म्हणाली, "असलं अक्षर तुम्ही माझ्याकडून घेतलं असतं का?" त्यांनी पुन्हा लिहिलं.

तीन दिवस हे चाललं. रोज ताई स्वतःचं काम उरकून त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहायची. दुसऱ्या दिवशी त्यांच्या बाहीवर शाई पडली. तिसऱ्या दिवशी त्यांनी ती पुसायचं सोडून दिलं होतं. सातव्या पत्राला ते म्हणाले, "ताई, हात दुखतोय हो." ताईने टीपकागद पुढे सरकवला. बरं वाटलं का तिला? वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं. एकेका पत्रागणिक छातीवरचा एकेक दगड उतरत होता. अकराही पाकिटं तिने स्वतः टपालात टाकली, आणि प्रत्येक पाकिटाच्या मागे त्यांना त्यांच्या घरचा पत्ता लिहायला लावला, म्हणजे कुणाला काही बोलायचं असेल तर कुठे जायचं ते कळेल.

लोक गेलेही. पावाच्या रांगेतली बाई गेली, एकाचे म्हातारे वडील जाऊन आले, एकीने म्हणे दारातच पत्राचे तुकडे करून त्यांच्या अंगावर टाकले. चौकशी पुन्हा उघडली. शाईबुवांना घरी बसवलं. कार्यालयात काही जण म्हणू लागले, ताई, आता पुरे, म्हातारा निम्मा झालाय. ताई म्हणाली, "माझा भाऊ पूर्ण गेलाय."

पण एक पत्र राहिलं होतं.

रविवारी दुपारी चार वाजता शाईबुवा ताईच्या घरी आले. ताईने बोलावलं होतं. हातात पाकीट होतं आणि दाढी नीट केलेली नव्हती. आई खिडकीपाशी बसली होती.

"हे पोस्टाने पाठवलं असतं तरी..." ते दारातच म्हणाले.

"आईला दिसत नाही," ताई म्हणाली. "वाचून दाखवावं लागतं. मी वाचलं तर तिला वाटेल, मी माझ्या पदरचं घालतेय. तुम्हीच वाचा."

ते खुर्चीवर बसले. कागद उघडला.

"‘तुमच्या मुलाने वेळेवर, बरोबर आणि स्पष्ट नोंद पाठवली होती. ती मी वाचली. मला समजली. तरीही ती पेन्सिलीत होती म्हणून मी परत केली. नकाशातली चूक मी तशीच ठेवली. त्या चुकीने तुमचा मुलगा आणि त्याच्याबरोबरचे अकरा जण गेले. त्यांच्यापैकी एकाच्याही मरणाला तुमचा मुलगा कारण नाही. कारण मी आहे.’"

बाहेर कुणीतरी सायकलची घंटा वाजवत गेलं. शाईबुवांनी कागदाची घडी घालायला घेतली.

"पुन्हा वाचा," आई म्हणाली.

त्यांनी पुन्हा वाचलं.

"पुन्हा."

तिसऱ्यांदा वाचताना ‘मला समजली’पाशी त्यांचा आवाज फाटला. आईने हात वर केला. "तिथे अडखळलात. नीट वाचा. पहिल्यापासून."

चौथ्यांदा, पाचव्यांदा. ताई भिंतीला टेकून उभी होती. तिला वाटलं होतं, आई आता तरी रडेल, या माणसाला शिव्या तरी देईल, नाहीतर देवमाणसासारखी माफ तरी करून टाकेल, आणि त्या शेवटच्याची तिला भीतीच होती. आईने यांतलं काहीच केलं नाही. ती ताठ बसून ऐकत होती, ओठ हलत होते, त्यांच्याबरोबर मनात म्हणत असल्यासारखे.

सहाव्यांदा वाचून झाल्यावर शाईबुवा म्हणाले, "आई, मला माफ करा." पासष्ट वर्षांच्या आईला तो साठीला आलेला माणूस आई म्हणाला.

आईने त्यांच्या दिशेने मान वळवली. "उद्या याल?"

"उद्या?"

"रोज या. चार वाजता. मला दिसत नाही, आणि हल्ली लक्षातही राहत नाही काही."

आईला चाळीस वर्षांपूर्वी कुणाच्या लग्नात कोण रुसलं होतं हे नावानिशी सांगता यायचं. ताईला ते माहीत होतं.

शाईबुवा उठले, कागद पाकिटात घातला, आणि पाकीट टेबलावर ठेवू की खिशात, हे त्यांना कळेना. आई म्हणाली, "न्या बरोबर. येताना आणा."

दुसऱ्या दिवशी चारला दहा मिनिटं असताना आईने चाचपडत खुर्ची पुढे ओढली, स्वतःच्या समोर ठेवली, आणि दाराकडे कान लावून बसली. चार वाजता दार वाजलं.